युंगफ्राउयोखचा एक दिवस आणि खिशातले फ्रँक : स्वतः नियोजन करणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंडला पहिल्यांदा निघालेली आपल्याकडची मंडळी दोन कामं घरूनच उरकून टाकतात. युंगफ्राउयोखचं, म्हणजे तिथल्या बर्फाच्या डोंगरावरच्या प्रसिद्ध रेल्वे स्टेशनचं, तिकीट महिनाभर आधी काढून ठेवतात, आणि ‘युरोपला चाललोय’ म्हणून युरो घेऊन ठेवतात. दोन्ही कामं झाली की हुश्श वाटतं, पण सहलीतला सगळ्यात मोठा फुकटचा खर्च बहुतेक वेळा याच दोन कामांतून होतो. डोंगराचं तिकीट ढग बघून काढायचं असतं, आणि तिथलं चलन युरो नसून स्विस फ्रँक आहे.

हा लेख त्या डोंगराच्या पायथ्याजवळच्या इंटरलाकेनमध्ये किंवा आसपास दोन-तीन रात्री मुक्काम करून एका दिवसात डोंगर बघून परत येणाऱ्यांसाठी आहे. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना पहिल्या दोन पायऱ्यांचा उपयोग नाही. त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर जावं. तिकिटांचे दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून खाली नेमके आकडे कमी आणि हिशेबाची रीत जास्त दिली आहे.

१. डोंगर ठरवा, वार ठरवू नका

आधी कुठे जायचं ते पाहू. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखराच्या दुपटीहून वर तुम्ही रेल्वेत बसून जाता. ही रेल्वे १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं खपून आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून खोदली आहे. वर गेल्यावर ‘आलेच’ नावाची हिमनदी दिसते. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी. हवा स्वच्छ असेल तर पैसे वसूल. ढग असतील तर काचेबाहेर पांढरा पडदा दिसतो आणि तिकिटाचे पैसे कोणी परत देत नाही. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण दराचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं. चौघांच्या कुटुंबाने हा आकडा रुपयांत एकदा करून पाहावा, म्हणजे मी वाराबद्दल एवढा आग्रह का धरतोय ते कळेल.

हाच एक डोंगर आहे असंही नाही. बर्फात खेळणं एवढाच हेतू असेल तर ल्युसर्नजवळच्या एंगेलबर्गहून टिटलिसला जा. वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे आणि शेवटच्या टप्प्यातली केबिन स्वतःभोवती गोल फिरत वर जाते. मॅटरहॉर्न बघायचा तर झरमॅटहून गोर्नरग्राट, ३,०८९ मीटर. बरोबर सत्तरीच्या पुढची माणसं असतील, कोणाला दम लागत असेल, तर मी रिगी सुचवेन. उंची फक्त १,७९८ मीटर, खाली तलाव, समोर बर्फाची रांग, आणि १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. शिवाय स्विस ट्रॅव्हल पास (तो काय ते पुढच्या पायरीत) असेल तर रिगी पूर्ण फुकट. युंगफ्राउयोखची ‘युरोपचं सर्वोच्च रेल्वे स्टेशन’ ही पाटी रिगीवर नाही, एवढाच काय तो फरक. पाटीबरोबर फोटो हवा असेल तर गोष्ट वेगळी.

डोंगर ठरला की मुक्काम असा ठरवा की त्या भागात निदान दोन पूर्ण दिवस हाताशी राहतील. त्यातला चांगल्या हवेचा दिवस डोंगराला, दुसरा पर्यायी बेताला. एकच रात्र राहून सकाळी डोंगर आणि दुपारी पॅरिसची गाडी, असा बेत मुळातच करू नका.

एक सापळा : डोंगरावरच्या केबल कार आणि रेल्वे देखभालीसाठी ठरावीक दिवस बंद असतात, बहुधा एप्रिलच्या आसपास आणि नोव्हेंबरात. काही मार्ग फक्त उन्हाळी हंगामातच चालतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्या त्या डोंगराच्या अधिकृत संकेतस्थळावर बंद राहण्याच्या तारखा पाहूनच विमानाचं तिकीट काढावं.

२. पासचा हिशेब कागदावर करा

दोन नावं तुमच्या कानावर सतत येतील, स्विस ट्रॅव्हल पास आणि स्विस हाफ फेअर कार्ड. पहिल्यात ठरावीक दिवस देशभरातल्या रेल्वे, बस आणि तलावांतल्या बोटी मोफत. दुसऱ्यात महिनाभर जवळपास सगळ्या तिकिटांवर निम्मी सूट. ‘पास काढला की सगळं फुकट’ असं सांगणारा कोणीतरी ओळखीत असतोच. डोंगरांच्या बाबतीत ते खरं नाही. पासवर टिटलिस, गोर्नरग्राट आणि ल्युसर्नजवळचा पिलाटुस डोंगर यांना साधारण निम्मी सूट आहे, पण युंगफ्राउयोखला पास फक्त ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो आणि पुढच्या तिकिटावर २५ टक्केच सूट मिळते. हाफ फेअर कार्डावर मात्र युंगफ्राउयोखलाही निम्मी सूट आहे.

त्यामुळे एक कागद घ्या. तुमचे सगळे प्रवास ओळीने लिहा : विमानतळ ते हॉटेल, शहर ते शहर, डोंगर, बोट. स्विस रेल्वेच्या म्हणजे एसबीबीच्या ॲपमध्ये प्रत्येकाचं पूर्ण भाडं पाहा. पहिल्या रकान्यात सगळ्यांची निम्मी रक्कम अधिक हाफ फेअर कार्डाची किंमत. दुसऱ्या रकान्यात पासची किंमत अधिक डोंगराचं उरलेलं भाडं. जो आकडा लहान तो घ्या. एका जागी राहून एक-दोन महागडे डोंगर करणाऱ्यांना सहसा हाफ फेअर परवडतं. रोज वेगळं शहर करणाऱ्यांना पास.

मुलं बरोबर असतील तर स्विस फॅमिली कार्ड मागून घ्यायला विसरू नका. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी ते पालकांच्या पासबरोबर विनामूल्य मिळतं. आपण होऊन मागितलं नाही तर राहून जातं. आणि इंटरलाकेनमध्ये हॉटेल तुम्हाला पाहुणा कार्ड देतं, त्यावर स्थानिक बस मोफत असते. चेक-इन करतानाच विचारा.

३. पैशांची तयारी : निघण्याआधीचं काम

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

*तीन कप्पे करा.* थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड. तिन्ही एका पाकिटात ठेवू नका आणि एकाच माणसाकडेही ठेवू नका.

*रोख.* स्वित्झर्लंडमध्ये जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. चौघांना आठवड्याला दोन-तीनशे फ्रँक रोख पुरे होतात. लागतात ते कुठे? गावातल्या शेतघराबाहेर चीज आणि अंड्यांचा फ्रिज ठेवलेला असतो, शेजारी पैशांचा डबा, दुकानदार कोणी नाही. लहानसहान स्टॉल, एखादी डोंगरातली झोपडीवजा खानावळ, जुन्या पद्धतीची लॉकर, काही स्वच्छतागृहं. आपल्याकडून नेताना १०, २० आणि ५० च्या नोटा मागा. फ्रँकची हजाराची नोटसुद्धा असते. ती घेऊन बेकरीत उभं राहू नका.

रोख अधिकृत मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. पन्नास हजार रुपयांच्या आतली खरेदीच रोखीने करता येते, त्याच्या वर बँकेतून पैसे द्यावे लागतात. एका प्रवासाला परकीय नोटांची मर्यादा साधारण ३,००० डॉलर इतक्या मूल्याची आहे. तेवढ्या नोटा कोणी नेऊही नयेत. भाव विचारताना ‘रेट काय?’ एवढंच विचारू नका, ‘सगळं धरून शंभर फ्रँकला माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ असं विचारा. जीएसटी आणि सेवाशुल्क मग आपोआप बाहेर येतं. दोन-तीन ठिकाणी विचारलं की फरक दिसतो. मुंबई विमानतळावरच्या खिडकीवर हे काम ठेवू नका. तिथे भाव बहुतेक वेळा सर्वांत वाईट असतो.

*फॉरेक्स कार्ड.* यात आधी पैसे भरायचे, त्या दिवशीचा दर कायम होतो. मोठा सापळा चलनाचा आहे. कार्डात युरो भरले आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरलं, तर बँक युरोचे फ्रँक करते आणि त्याचं वेगळं शुल्क लावते. कार्डात फ्रँकच भरा. सहलीत फ्रान्स किंवा इटलीही असेल तर एकाच कार्डात दोन चलनं ठेवता येतात, दोन्ही वेगवेगळी भरा.

*क्रेडिट कार्ड.* परदेशी व्यवहारावर अनेक बँका ३.५ टक्के मार्कअप म्हणजे जादा शुल्क लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. समजा फ्रँक ११० रुपये आहे आणि तुम्ही हजार फ्रँक खर्च केले, तर १,१०,००० रुपयांवर साधारण ४,५४० रुपये नुसते शुल्काचे. मार्कअप कमी किंवा शून्य असलेली कार्डंही मिळतात. वर्षाला एकदा जरी बाहेर जात असाल तरी तसं एक घेऊन ठेवावं असं माझं मत. हॉटेलच्या अनामतीसाठी मात्र क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड दिलं तर तेवढी रक्कम अडकते आणि सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात. ऐन सहलीत कार्डात पैसे दिसतात पण वापरता येत नाहीत.

*परदेशी वापर चालू करा.* २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर, एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन हे सगळे पर्याय वेगवेगळे चालू करावे लागतात. मर्यादाही पाहून घ्या. पिन पाठ करा.

*यूपीआय विसरा.* तिथे सगळीकडे क्यूआर दिसतात, ते ट्विंट नावाच्या स्विस सेवेचे असतात आणि त्याला तिथलं बँक खातं लागतं. रुपे कार्डाच्या एकट्या भरवशावरही जाऊ नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवंच.

*ओटीपी.* तिथे बसून तिकीट काढताना बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येणार. त्या सिमवर निदान एसएमएस येतील इतकं रोमिंग चालू ठेवा. नेटसाठी ई-सिम घेत असाल तर ‘युरोपियन युनियन’ असं लिहिलेल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते तपासा. स्वित्झर्लंड शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहे पण युनियनमध्ये नाही, आणि काही पॅकमधून ते वगळलेलं असतं.

*टीसीएस.* टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच वसूल करून सरकारकडे भरलेला कर. पॅकेज टूरच्या बिलावर तो पहिल्या रुपयापासून लागतो, त्याचा दर अर्थसंकल्पाप्रमाणे बदलत असतो. तुम्ही स्वतः परकीय चलन घेतलंत तर १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. सर्वसाधारण कुटुंबाची सहल माणशी त्या मर्यादेच्या खूप आत बसते. स्वतः नियोजन करण्याचा हा एक कमी बोलला जाणारा फायदा.

४. बरोबर ठेवायची कागदपत्रं आणि सामान

घरातून निघताना ही यादी भिंतीवर चिकटवा :

- पासपोर्ट. डोंगरावर जातानाही बरोबर हवा, कारण पास किंवा हाफ फेअर कार्ड तपासताना तिकीट तपासनीस ओळख मागू शकतो.
- शेंगेन व्हिसा, परतीचं तिकीट, हॉटेलची नोंदणी यांच्या प्रती, एक कागदी, एक फोनमध्ये.
- प्रवास विमा. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पॉलिसीत डोंगरातून सुटकेचा खर्च धरला आहे का ते वाचा.
- चलन खरेदीची पावती, पॅनची प्रत.
- दोन्ही कार्डांच्या बँकांचे परदेशातून लागणारे फोन नंबर, कागदावर. फोन हरवला तर ॲप उपयोगाचं नाही.
- प्रत्येकाला गरम टोपी, हातमोजे, वारा अडवणारं जाकीट. जुलैतही वर पारा शून्याच्या आसपास असू शकतो.
- गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि कातडीला फार लागतं.
- तळाला पकड असलेले बूट. युंगफ्राउयोखवरच्या बर्फाच्या महालात चक्क बर्फाची फरशी आहे, तिथे गुळगुळीत बुटांची घसरगुंडी होते.
- पाण्याची रिकामी बाटली. तिथलं नळाचं पाणी निर्धास्त प्या.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, खाकरा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र भारतातून नेता येत नाही. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच. आईने प्रेमाने बांधून दिलेला तुपाचा डबा कस्टमवाल्यांना काढून देताना वाईट वाटतं, तेव्हा आईला आधीच सांगा.

५. आदली संध्याकाळ : खरा निर्णय इथे

हॉटेलच्या खिडकीतून आकाश बघून निर्णय घेऊ नका. डोंगरात खाली आणि वर दोन वेगवेगळ्या दुनिया असतात. शरद ऋतूत आणि थंडीत दरी धुक्याने भरलेली असते आणि वर लख्ख ऊन पडलेलं असतं. उन्हाळ्यात उलट, सकाळी सगळं स्वच्छ आणि दुपारी वर ढग जमतात.

संध्याकाळी तीन गोष्टी पाहा. एक, स्विस हवामान खात्याच्या म्हणजे मेटिओस्विसच्या ॲपवर दुसऱ्या दिवशीचा तासागणिक अंदाज, गावाचा नव्हे तर डोंगराच्या उंचीचा. दोन, युंगफ्राउच्या संकेतस्थळावर वाऱ्यामुळे काही बंद आहे का. जोराचा वारा सुटला तर केबल कार थांबवतात. तीन, सकाळी उठल्याबरोबर थेट वेबकॅम. वरचं दृश्य थेट दिसतं, अंदाजाची गरजच नाही. अनेक हॉटेलांत टीव्हीच्या एका वाहिनीवरही ते लावलेलं असतं.

वेबकॅममध्ये शिखरं दिसली की मगच फोनवर तिकीट काढा. अपवाद एकच : जून ते ऑगस्टच्या गर्दीत डोंगराच्या गाडीला जागेचं आरक्षण करावं, ते वेगळं असतं. त्या हंगामात आदल्या रात्रीच तिकीट आणि आरक्षण दोन्ही करून टाका, नाहीतर सकाळच्या गाड्या भरतात.

हवा वाईट निघाली तर? तरी करण्यासारखं खूप आहे. लाउटरब्रुनेनच्या दरीतला ट्र्युमेलबाख धबधबा डोंगराच्या पोटात आहे, त्यामुळे पावसाने काही बिघडत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना तिथे नेता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. थून किंवा ब्रिएंझ तलावातली बोट पासवर मोफत. बर्नचं जुनं शहर तासाभराच्या अंतरावर, आणि तिथल्या कमानींच्या रस्त्यांवर पावसातही कोरडं फिरता येतं.

६. डोंगराचा दिवस

सकाळी सातच्या सुमारास इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवर असा. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, डोंगराच्या गाड्या ओस्टवरून सुटतात, वेस्टवरून नाही.

इथे एक नामी सापळा आहे. ही गाडी पुढे त्स्वाइल्युट्शिनेनला दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या डब्यात बसलात तर नकळत दुसऱ्या दरीत पोहोचता. फलाटावरच्या आणि डब्याच्या पाटीवर गावाचं नाव वाचूनच चढा. कुटुंब दोन डब्यांत विभागून बसू नका.

जाताना ग्रिंडेलवाल्डच्या बाजूने जा, पण ग्रिंडेलवाल्डला उतरू नका, त्याच्या आधीच्या ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल’ला उतरा. तिथून डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली आयगर एक्स्प्रेस ही केबल कार आहे. एका केबिनमध्ये २६ माणसं, आणि साधारण पंधरा मिनिटांत तुम्ही आयगरच्या उत्तर भिंतीसमोरून २,३०० मीटरच्या वर आयगरग्लेचरला पोहोचता. पुढे बोगद्यातली रेल्वे. मध्ये आइसमेअरला काही मिनिटं थांबते, तिथे काचेतून हिमनदी दिसते. आरामात उतरा, पण डबा लक्षात ठेवा.

वर पोहोचलात की धावू नका. इंटरलाकेन ५६७ मीटरवर, म्हणजे दोनेक तासांत तुम्ही जवळजवळ २,९०० मीटर चढलात. हवेचा दाब खालच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याने कमी असतो. हळू चाला, पाणी प्या, जिने सावकाश. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, तर ‘बसू जरा वेळ, होईल बरं’ असं न म्हणता पुढच्या गाडीने खाली या. खाली आल्यावर बहुतेकांना बरं वाटतं. हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्याबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

आधी उघड्यावरच्या जागा करून घ्या, म्हणजे देखावा पाहायची स्फिंक्स नावाची गच्ची आणि बर्फाचं पठार. ढग कधीही येतात. बर्फाचा महाल आणि दुकानं छताखाली आहेत, ती नंतर. वर भारतीय जेवण मिळतं, पण गर्दी आणि किंमत दोन्ही उंचीला साजेशी. दशम्या काढून खायला कोणी हटकत नाही.

उतरताना आलेल्या वाटेने येऊ नका. रेल्वेने क्लायने शायडेग, तिथून वेंगेन, मग लाउटरब्रुनेन असा फेरा करा, बहुतेक तिकिटांवर तो चालतो. वेंगेन मोटारींविना असलेलं गाव आहे. पाय चालत असतील तर उन्हाळ्यात वेंगेनच्या वरच्या मेन्लिखेन ते क्लायने शायडेग ही जवळजवळ सपाट पायवाट दीड तासाची आहे आणि माझ्या मते त्या सगळ्या परिसरातली सर्वांत सुंदर दीड तास. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तर ती लुटुपुटूचीच वाटेल. तरी पाट्यांचे रंग लक्षात ठेवा : नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, पांढरी-निळी-पांढरी म्हणजे दोर आणि अनुभव असणाऱ्यांसाठी, तिकडे वळायचं नाही. पाटीवर लिहिलेला वेळ विश्रांती न धरता असतो. आणि खाली नेणारी शेवटची गाडी किती वाजता ते वर जातानाच पाहून ठेवा.

७. मशीनसमोर : कुठलं बटण दाबायचं

दुकानात, हॉटेलात किंवा एटीएमवर भारतीय कार्ड घातलं की मशीन कधी कधी विचारतं, फ्रँकमध्ये द्यायचे की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, हात तिकडेच जातो. कायम फ्रँक निवडा. रुपये निवडलेत तर दर तुमची बँक नव्हे, त्या दुकानदाराची मशीन कंपनी ठरवते. समजा १८० फ्रँकचं बिल आहे आणि बाजारभाव ११० रुपये. बिल १९,८०० रुपये व्हायला हवं. मशीनने ११६ लावला तर २०,८८०. एका बटणाचे १,०८० रुपये. वर अनेक भारतीय बँका परदेशातल्या रुपयांतल्या व्यवहारालाही शुल्क लावतात ते वेगळंच.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त आडून विचारला जातो. ‘हा दर मान्य आहे का?’ असं विचारतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते. होत नाही. रूपांतर नाकारा, पैसे फ्रँकमध्येच येतात. दर वेळी शुल्क लागतं म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा.

पिनशिवाय नुसतं कार्ड टेकवून ८० फ्रँकपर्यंत व्यवहार होतो. सोय आहे, पण कार्ड हरवलं तर दुसऱ्यालाही तीच सोय आहे, म्हणून हरवल्याचं कळताच ॲपमधून कार्ड बंद करा.

काही दुकानं युरो घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये आणि त्यांच्या भावाने परत देतात. टिप द्यावीच लागेल असं नाही. १९७४ पासून सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं. आवडलं तर रक्कम पूर्णांकात करतात, एवढंच. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. कोऑप किंवा मिग्रोस या किराणा दुकानांतून दही, पाव, फळं शनिवारीच आणून ठेवा, नाहीतर स्टेशनवरचं दुकान शोधावं लागेल.

८. काही झालंच तर

सगळ्या अडचणींना ११२ चालतो. रुग्णवाहिका १४४, पोलीस ११७, डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगाचा नंबर १४१४. हेलिकॉप्टर फुकट नसतं, म्हणूनच चौथ्या पायरीत विमा वाचायला सांगितलं. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन बर्नचा भारतीय दूतावास.

९. परतण्याआधी आणि परतल्यावर

फ्रँकची नाणी भारतात कोणी बदलून घेत नाही, आणि पाच फ्रँकचं एक नाणं म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांचे खिसे टेबलावर रिकामे करा. किराणा घेताना नाणी आधी द्या, उरलेली रक्कम कार्डाने. दुकानदार तोंड वाकडं करत नाहीत.

उरलेल्या नोटा आणि फॉरेक्स कार्डातली रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला परत करायची असते. २,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. कार्डात थोडे फ्रँक तसेच सोडून देऊ नका. अनेक कार्डांवर न वापरल्याचं शुल्क हळूहळू ती रक्कम खाऊन टाकतं. अर्ज करून पैसे खात्यात वळवा.

क्रेडिट कार्डाचं पुढचं बिल ओळ न ओळ वाचा. हॉटेलची अनामत सुटली का, एकच तिकीट दोनदा तर लागलं नाही ना, ते पाहा. तक्रारीला मुदत असते. पॅकेजवाल्यांनी टीसीएसची नोंद आयकर खात्याकडच्या आपल्या करनोंदीत दिसते का ते तपासावं आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम करातून वळती करून घ्यावी, किंवा कर लागत नसेल तर परतावा मागावा.